पासपोर्टाचं सोंग

आमच्या घरात गाडी एकच. नवरा सकाळी ट्रेननं जातो, मुलाला कॉलेजात मी सोडते आणि तिथून पुढे दाताच्या एका दवाखान्यात हिशेब लिहायला जाते. न्यू जर्सीच्या रस्त्यांवरची ती पस्तीस मिनिटं गाडीत मुलाचं राज्य असतं. बसल्या बसल्या स्वतःचा फोन गाडीला जोडायचा आणि आईनं काही म्हणायचं नाही, असा अलिखित करार आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका सकाळी स्पीकरमधून पेटीचे सूर आले. सांगलीला आमच्या वाड्यात गुरुवारी भजन असायचं, त्यातल्या पेटीच्या भात्याला भोक होतं आणि ती असाच दमेकऱ्यासारखा श्वास घेत वाजायची. मी करार मोडून विचारलं, "पेटी कोण वाजवतंय रे?" तो म्हणाला, "आई, पेटी नाही, अकॉर्डियन. गाण्याचं नावच अकॉर्डियन आहे." तेवढ्यात एक आवाज सुरू झाला. जड, घोगरा, अर्धवट झोपेतला, तोंडात पान धरून बोलावं तसा. रॅप म्हणजे रागानं ओरडणं अशी माझी समजूत होती. हा माणूस ओरडत नव्हता, घाईतही नव्हता. शिव्या होत्या, पण त्याही निवांत.

"कोण हा?"

"डूमले."

"आपला? बार्शीकडचा?"

मुलगा इतका हसला की सिग्नल हिरवा झाल्याचं आम्हाला मागच्या भोंग्यामुळे कळलं. डॅनियल डूमले. बाप झिम्बाब्वेचा, आई त्रिनिदादची. आडनावावरूनच लहानपणी त्याला घरी 'डूम' म्हणत. पुढे एमएफ डूम या नावानं त्यानं जे केलं त्याला रॅप ऐकणारी दुनिया मानते. हे नाव इंग्रजीत लिहायचं तर सगळी अक्षरं मोठीच हवीत असा त्याचा हट्ट होता. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत. तेव्हा आपल्याकडून त्याचा अपमान होऊच शकत नाही.

त्यानंतर मी त्याच्याबद्दल बरंच वाचलं आणि ऐकलं. आधी कुतूहल म्हणून, नंतर वेगळ्या कारणानं. ते कारण पुढे येईल.

डूमलेचा जन्म १३ जुलै १९७१ चा, लंडनचा. पण लंडन फक्त जन्मदाखल्यापुरतं. तो अगदी लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आलं आणि तो तिथेच वाढला. शाळा तिथली, मित्र तिथले, बोली तिथली. टीव्हीवरची कार्टून आणि मार्वलची चित्रकथांची पुस्तकं यांवर त्या पिढीतली तिथली सगळी पोरं वाढली, तसाच हाही. धाकट्या भावाला घेऊन त्यानं केएमडी नावाचा गट काढला. स्वतः झेव्ह लव्ह एक्स या नावानं गायचा, भाऊ सबरॉक या नावानं तबकड्या फिरवायचा. १९९१ मध्ये इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीनं त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. तेव्हाचे फोटो मुलानं मला दाखवले. चेहरा उघडा, हसरा. गल्लीतल्या गणेशमंडळात पुढे पुढे करणारा एखादा पोरगा असतो ना, तसा.

१९९३ मध्ये रस्ता ओलांडताना मोटारीनं उडवल्यामुळे सबरॉक गेला. दुसरी रेकॉर्ड तेव्हा संपत आली होती. ती डूमलेनं एकट्यानं पुरी केली. तिच्या मुखपृष्ठावर त्यानं स्वतः काढलेलं चित्र होतं: काळ्या माणसांची टिंगल करणारं जे जाड ओठांचं जुनं व्यंगचित्र अमेरिकेत शंभर वर्षं छापलं जात होतं, त्या चित्राला फाशी दिलेली. एक काळा मुलगा त्या टिंगलीलाच फासावर लटकवतोय, इतका सरळ अर्थ. पण वाद होईल अशी भीती कंपनीला वाटली. १९९४ मध्ये, रेकॉर्ड बाजारात यायच्या तोंडावर, ती रद्द झाली आणि गटालाही नारळ मिळाला. वर्षाच्या आत भाऊ गेला आणि कामही गेलं.

पुढची तीनेक वर्षं तो कुठे होता, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत होतो, बाकड्यांवर झोपायचो, असं त्यानं पुढे सांगितलं. मग न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला न्युयोरिकन पोएट्स कॅफे म्हणून जागा आहे, तिथे कुणीही उठून माईकसमोर उभं राहावं अशा रात्री असतात. १९९७-९८ च्या सुमाराला तिथे एक माणूस तोंडावर बायकांचा पायमोजा ओढून रॅप करताना दिसू लागला. पायमोज्याच्या जागी मग धातूचा मुखवटा आला. मार्वलच्या 'फँटास्टिक फोर'मध्ये डॉक्टर डूम नावाचा खलनायक आहे, चेहरा विद्रूप झालेला आणि जगावर डूख धरून बसलेला. डूमलेनं त्याचंच सोंग घेतलं. १९९९ मध्ये 'ऑपरेशन: डूम्सडे' आली आणि त्यानंतर लोकांसमोर तो मुखवट्याशिवाय सहसा आला नाही.

सोंग हा शब्द मी विचार करून वापरतेय. नाटकातली भूमिका आणि सोंग यांत फरक आहे. सोंग घेतलेला माणूस घरचा कोण हे विचारायचं नसतं, सोंग उतरेपर्यंत तो जे दिसतो तोच. डूमलेचं म्हणणं साधारण असंच होतं. रेकॉर्ड कंपन्या चेहरे विकतात, शरीरं विकतात, गळ्यातल्या साखळ्या विकतात. तुम्ही शब्द ऐका. तो स्वतःबद्दल बोलायचा तेही 'खलनायक असं म्हणाला' अशा थाटात, स्वतःलाच तिसरा माणूस करून.

आणि शब्द ऐकण्यासारखे आहेत. शाळेत आम्हाला मोरोपंतांच्या आर्या होत्या आणि बाई सांगायच्या की पंतांना यमकाचा सोस फार, यमकासाठी ते अर्थाला वाकवतात. डूमलेला तोच सोस. ओळीच्या शेवटचं एक अक्षर जुळवून त्याचं भागत नाही. तीन-तीन, चार-चार शब्दांचे आख्खे आवाज तो दुसऱ्या तीन-चार शब्दांशी जुळवतो, तेही ओळीच्या मधोमध, आणि वर विनोद करतो. २००४ च्या मार्चमध्ये मॅडलिब या संगीतकाराबरोबर त्यानं 'मॅडव्हिलनी' काढली. गाडीत पेटी वाजली ती त्यातलीच. बावीस तुकडे, पाऊण तासाचा ऐवज आणि जवळपास कुठल्याच गाण्याला ध्रुपद नाही. ध्रुपद नाही म्हणजे रेडिओवर वाजायची शक्यता आधीच सोडलेली. त्याच वर्षी 'एमएम..फूड' काढली. इंग्रजीत लिहिलं तर हे नाव म्हणजे त्याच्याच नावाची अक्षरं उलटसुलट केलेली. गाण्यांना खाद्यपदार्थांची नावं आणि मध्ये मध्ये जुन्या कार्टूनमधले संवाद पेरलेले. जाता जाता सांगते, या मॅडलिबनं २००७ मध्ये जुन्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डमधले तुकडे कापून एक आख्खी रेकॉर्ड केली. मुलानं ती मला मोठ्या अपेक्षेनं ऐकवली. मला दर दोन मिनिटांनी वाटायचं, आता लताबाई सुरू होणार, आणि त्या आधीच तो दुसरीकडे जायचा. जेवायला बसवून ताट ओढून घेतल्यासारखं.

एका बाबतीत मी डूमलेला माफ करत नाही. पुढे पुढे काही कार्यक्रमांना तो स्वतः गेलाच नाही, मुखवटा घालून दुसऱ्याला पाठवलं. लोकांनी ओळखलं, आरडाओरडा केला. मी लेखक-दिग्दर्शक आहे, पात्र कुणाला द्यायचं ते मी ठरवीन, असा त्याचा पवित्रा. माझा मुलगा म्हणतो, यात कला आहे. मी म्हणते, यात तिकिटाचे पैसे आहेत. आपल्याकडे मुख्य नट बदलला तर तिकीटखिडकीवर पाटी लावतात.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. सोळा वर्षं अमेरिकेत काढल्यावर मला तीत भर घालावीशी वाटते. पासपोर्टाचंही आणता येत नाही.

२०१० च्या मार्चमध्ये डूमलेनं लंडनच्या राउंडहाउसमध्ये कार्यक्रम केला. उत्तर अमेरिकेच्या बाहेर गाण्याची ती त्याची पहिलीच वेळ. युरोपचा दौरा आटोपून परत निघाला तेव्हा अमेरिकेनं त्याला आत घेतलं नाही. कारण कागदोपत्री तो अमेरिकन नव्हताच. लहानपणी आईबापांनी आणला, मोठा झाला, लग्न झालं, मुलं झाली, पण नागरिकत्व कधी घेतलं गेलं नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बायको-मुलं अमेरिकेत असताना, ज्या शहराची त्याला आठवणही नव्हती त्या जन्मगावी तो अडकला. कुटुंब तिकडे जाऊन एकत्र राहू लागायला दोनेक वर्षं गेली. २०१२ मध्ये त्यानं जी रेकॉर्ड काढली तिच्यात लंडनची बोली चाचपडत वापरलेली ऐकू येते, नव्या गावात आलेला माणूस रिक्षावाल्याशी मुद्दाम तिथल्या हेलात बोलतो तशी. अमेरिकेशी माझं संपलं, असंही त्याच सुमाराला तो बोलून गेला.

आम्ही तिघं नेवार्कच्या विमानतळावर उतरलो तेही २०१० सालीच. नवऱ्याचा नोकरीचा एच-वन व्हिसा, माझा आणि मुलाचा त्याला जोडलेला एच-फोर. मुलगा पाच वर्षांचा होता. हातात छोटा भीमची बाटली होती आणि 'आपण घरी कधी जायचं' हे तो आठवडाभर विचारत होता. मग विचारायचा थांबला. आता तो मराठी समजतो, बोलतो अडखळत, वाचत नाही. राग आला की इंग्रजीत बोलतो, झोपेत बडबडतो तेही इंग्रजीत.

येत्या नोव्हेंबरात तो एकवीस वर्षांचा होईल. त्या दिवशी अमेरिकेच्या कायद्यानुसार तो आमचं मूल राहणार नाही. म्हणजे आमच्या व्हिसावर राहण्याचा त्याचा हक्क संपेल. ग्रीनकार्ड आलं असतं तर प्रश्न नव्हता. पण नोकरीवर मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा नियम. भारतातून आलेले लाखो, आइसलंडमधून आलेले मूठभर, टक्केवारी तीच. आमची रांगेतली तारीख २०१६ ची आहे. रांग हलते, थांबते, कधी मागेही जाते. मुलाचं वय मात्र एकाच दिशेनं जातं.

सोळाव्या वर्षी त्याचे सगळे मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर कामाला लागले. एच-फोरवरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. का करत नाहीस, असं मित्रांनी विचारलं की तो 'कंटाळा येतो' सांगायचा. आळशी म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं. त्याचंही एक सोंग होतंच की. मला हे दोन वर्षांनी कळलं.

डूम त्याला का आवडतो, हे मी मग विचारलं नाही.

कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर बोलता येतं. डूमलेच्या घरच्यांनी कागद वेळेवर करायला हवे होते. काउंटरमागचा अधिकारी यमकं मोजत बसत नाही, त्यानं पासपोर्टच पाहायचा असतो. आम्हीही डोळे उघडे ठेवून तात्पुरत्या व्हिसावर आलो, कुणी आमंत्रणपत्रिका पाठवली नव्हती. हे सगळं मला मान्य आहे. पण पाच वर्षांच्या मुलानं कुठल्या कागदावर सही केली होती? माणसाला देश चिकटतो तो शाळेच्या डब्यातून, टीव्हीवरच्या कार्टूनमधून, मित्रांच्या शिव्यांमधून. एकदा चिकटला की दुसरा मागवता येत नाही. जे राष्ट्र आपल्या शाळांत पंधरा वर्षं एखाद्या मुलाला शिकवतं, रोज सकाळी झेंड्यासमोर उभं करून निष्ठेची शपथ म्हणायला लावतं, त्यानं एकविसाव्या वाढदिवसाला त्याला परका म्हणू नये. माझं मत एवढंच आहे आणि ते केवळ आमच्या मुलापुरतं नाही.

इथल्या आपल्या लोकांशीही माझं भांडण आहे. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाची ताटली हातात घेऊन ज्यांची ग्रीनकार्डं आली ते म्हणतात, "आम्हीही रांगेत थांबलोच की." सीमेवरून कागदांशिवाय आलेल्या मेक्सिकन मुलांचा विषय निघाला की हीच मंडळी आणखी कडक होतात. ते वेगळे, आपण कायदेशीर. मीही पूर्वी अशीच बोलायचे. डूमलेची गोष्ट कळल्यापासून तोंड उघडवत नाही. त्या मुलांची आणि आमच्या मुलाची वाट एकाच फाटकाशी येते. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनीही फार खूश होऊ नये. मुंबईत ज्याची तिसरी पिढी जन्मली, त्यालाही आपण 'मूळ गाव कुठलं?' विचारतोच, आणि उत्तर ऐकून चेहरा थोडा बदलतोच.

एकविशीमुळे असं बाहेर पडावं लागू नये म्हणून अमेरिकेच्या संसदेत २०२१ पासून एकाहून अधिक वेळा विधेयक आलं. दोन्ही पक्षांतल्या सदस्यांनी त्यावर सह्या केल्या. कायदा अजून झालेला नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये सांगलीला माझे वडील गेले. ज्याच्या पासपोर्टवर व्हिसाचा चालू शिक्का नाही, त्याला बाहेरून परत येता येत नाही, आणि त्या उन्हाळ्यात नवे शिक्के मिळणं जवळपास बंद झालं होतं. आमचे शिक्के संपलेले होते. इथे राहायला हरकत नव्हती, बाहेर पडायला होती. दहावा मी फोनच्या पडद्यावर पाहिला. कावळा शिवला की नाही ते नीट दिसलं नाही, भावानं शिवला म्हणून सांगितलं. बाहेर पडलं की दार बंद होतं ही धास्ती मला तेव्हा पुरती कळली. डूमलेला ती २०१० मध्ये नव्हती, म्हणूनच तो बाहेर गेला.

२०२० मध्येच, ३१ ऑक्टोबरला, डूमले इंग्लंडमधल्या लीड्सच्या रुग्णालयात वारला. वय ४९. रक्तदाबाच्या औषधाची उलटी प्रतिक्रिया येऊन घसा सुजला होता, असं पुढे चौकशीत नोंदलं गेलं. मरणाची बातमी बायकोनं दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला जाहीर केली. तोवर जगात कुणाला पत्ता नव्हता. त्यांचा एक मुलगा २०१७ मध्येच, चौदाव्या वर्षी वारला होता. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये लाँग आयलंडवरच्या लाँग बीच या गावानं आपल्या एका रस्त्याला केएमडी आणि एमएफ डूम यांचं नाव दिलं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथे गेलो. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून गाडी थेट जाते. समुद्र, लाकडी फळ्यांचा लांबच लांब पायरस्ता, आणि आत साध्या घरांची गल्ली. मी एखादं स्मारक वगैरे असेल असं धरून चालले होते. बाकीच्या रस्त्यांना असते तशीच खांबावर एक हिरवी पाटी होती. मुलानं फोटो काढला. मला म्हणाला, "तू उभी राहा ना खाली." मी म्हटलं, "तूच राहा." तो राहिला, पण फोटो घेताना हात आडवा धरून चेहरा झाकला. आम्ही बाकावर बसून घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या आणि साडेचारच्या गाडीनं परत आलो.

विद्यार्थी व्हिसाचा त्याचा अर्ज सध्या जेवणाच्या टेबलावर पडलेला आहे. तो मिळाला तर शिक्षण होईपर्यंत राहता येईल. त्यासाठी लिहून द्यावं लागतं की माझं खरं घर परदेशात आहे आणि शिकून झालं की मी तिकडे परत जाणार आहे. परदेशातल्या कायमच्या पत्त्यासाठी एक रकाना आहे. तिथे आम्ही सांगलीच्या विश्रामबागेतलं माझ्या भावाचं घर लिहिलं. भावानं ते २०१६ मध्ये बांधलं. मुलगा तिथे एकदाच, २०१८ च्या उन्हाळ्यात राहिला आहे, एकोणीस दिवस.